दुसरीच्या मुलांना टचस्क्रीनचे काम कसे समजावून सांगावे?

पाटीपेन्सिल यांचा प्रश्न

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. गावाने लोकवर्गणी काढून शाळेला काही टॅबलेट घेऊन दिले आहेत आणि मुले त्यांवर अक्षरे गिरवतात, बेरीज-वजाबाकीचे खेळ खेळतात. नुकतेच वर्गात असे झाले की, एका मुलाच्या बोटाला कापल्यामुळे कापडाची जाड पट्टी बांधलेली होती. त्याने ते बोट काचेवर टेकवले, फिरवले, दाबूनही पाहिले, पण अक्षर काही उमटेना. शेजारच्या मुलीने आपले बोट लावताच मात्र रेघ उमटली. पाठ तिथेच थांबला आणि सगळा वर्ग त्या टॅबलेटभोवती गोळा झाला.

एक जण म्हणाला, ‘‘बाई, पट्टीमुळे त्याच्या बोटाची ऊब काचेला लागत नाही.’’ दुसऱ्याचे म्हणणे पडले की, त्याने जोर कमी लावला असेल. तिसऱ्याने पेन्सिलीचे मागचे टोक जोर लावून टेकवून पाहिले, तेही चालले नाही. एका मुलीने नुसते नख लावून पाहिले, त्यालाही टॅबलेटने दाद दिली नाही. शेवटी मागच्या रांगेतून प्रश्न आला, ‘‘बाई, आत वीज असते ना? मग आपल्याला शॉक का नाही लागत?’’

टचस्क्रीन विजेवर चालते आणि बोटातून वीज वाहू शकते, इतके मला ठाऊक आहे. परंतु सात वर्षांच्या मुलांपुढे ते कसे मांडावे, हे उमजत नाही. ‘मोठे झाल्यावर कळेल’ असे सांगून मुलांना वाटेला लावणे मला पटत नाही, आणि सोपे करण्याच्या नादात पुढे खोडून काढावे लागेल असे काही त्यांच्या डोक्यात भरवणेही योग्य वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. वर्गात करून पाहण्याजोगे काही असेल, तर ते अधिक उपयोगी पडेल.

तारयंत्र यांचे उत्तर

नमस्कार ताई. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात काम करतो आणि टच पॅनेलची तपासणी हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मुलांनी मांडलेले दोन्ही अंदाज, म्हणजे ऊब आणि जोर, अतिशय विचारपूर्वक केलेले आहेत. मोठ्या माणसांपैकीही पुष्कळांना तसेच वाटते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, ते अंदाज चुकीचे आहेत असे तुम्ही सांगून टाकू नका. ते बरोबर आहेत की नाहीत, हे मुलांनाच तपासू द्या.

जोराचा अंदाज तपासणे सर्वांत सोपे आहे. एका मुलाला बोट काचेला जेमतेम लागेल इतके अलगद टेकवायला सांगा, रेघ उमटेल. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चांगले दाबायला सांगा. काहीच होणार नाही. म्हणजे जोर लावल्याने काम होते, हे खरे नाही. उबेसाठी एक स्टीलचा चमचा थोडा वेळ माठातल्या गार पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून पूर्ण कोरडा पुसा आणि मुलाच्या हातात देऊन त्याची फुगीर बाजू काचेवर टेकवायला सांगा. गार चमचा बोटासारखाच चालेल. याउलट, उन्हात ठेवून गरम झालेला लाकडी चमचा चालणार नाही. गार वस्तू चालते आणि गरम वस्तू चालत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर उबेचा अंदाज मुले आपण होऊन सोडून देतील. चमचा फक्त टेकवावा, काचेवरून ओढू नये, नाहीतर चरे पडतील.

आता खरे कारण. टॅबलेटच्या काचेखाली अतिशय पातळ तारांची एक जाळी असते: काही तारा आडव्या, काही उभ्या. त्या इंडियम टिन ऑक्साइड नावाच्या पदार्थाच्या असतात, जो वीज वाहून नेतो आणि तरीही इतका पारदर्शक असतो की त्यातून खालचे चित्र स्वच्छ दिसते. आडव्या आणि उभ्या तारा एकमेकींना कोठेही चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट राखलेली असते. टॅबलेटमधील एक छोटी चिप आडव्या तारांना एकीमागून एक विजेचे अगदी बारीक हेलकावे देते. वीज एखाद्या तारेत असली की तिचा प्रभाव तारेच्या भोवतालीही थोडा पसरतो. मोठ्या वर्गांत यालाच आपण विद्युत क्षेत्र म्हणतो. त्या प्रभावामुळे आडव्या तारेतील हेलकाव्याचा थोडा वाटा, मधली फट ओलांडून, उभ्या तारांपर्यंत पोचतो. प्रत्येक चौकात किती वाटा पोचला, याची मोजणी ती चिप सतत करत असते. साधारणपणे संपूर्ण जाळीची फेरी सेकंदाला 60 ते 120 वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा पूर्ण होते.

आपले शरीर वीज वाहू देते, कारण वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग पाणीच असते आणि त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. बोट काचेवर आले की त्या चौकातील विजेचा थोडा प्रभाव बोट आपल्याकडे ओढून घेते आणि उभ्या तारेपर्यंत नेहमीपेक्षा कमी वाटा पोचतो. चिपला बोट दिसत नाही, त्याचा दाब कळत नाही, त्याची ऊब कळत नाही. अमुक चौकात आज मोजणी कमी भरली, एवढेच तिला कळते, आणि त्यावरून बोट तेथे आहे असे ती ठरवते.

कोरडे लाकूड, रबर, प्लास्टिक आणि कोरडे कापड यांतून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून त्यांच्यामुळे मोजणीत जाणवण्याइतका फरक पडत नाही. नख कोरडे आणि कठीण असते, त्यामुळे नुसते नख चालत नाही. पट्टी बांधलेल्या मुलाच्या बाबतीत कापडाच्या जाडीमुळे त्याचे बोट काचेपासून लांब राहिले. हा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने घटतो. काच स्वतः विजेची दुर्वाहक असली तरी विद्युत क्षेत्र तिच्या आरपार पोचते, आणि ती बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असल्याने काम भागते. त्या मुलाला दुसऱ्या बोटाने किंवा बोटाच्या मागच्या पेराने लिहू द्या. अडचण येणार नाही.

मुलांसमोर बोलायचे झाल्यास मी असे बोललो असतो: ‘‘या काचेखाली तारांची जाळी आहे. ती इतकी पारदर्शक आहे की आपल्याला दिसत नाही. तिच्यात अगदी थोडी वीज खेळत असते. आपल्या अंगात खारट पाणी आहे, म्हणून विजेला आपल्या अंगात यायला आवडते असे नाही, पण तिला येता येते. बोट जवळ आले की तिथली थोडी वीज बोटाकडे वळते. टॅबलेट सारखा मोजत असतो. जिथे कमी भरले, तिथे बोट आहे, असे तो ओळखतो.’’ यातील एकही वाक्य दहावीत गेल्यावर खोडावे लागणार नाही. ‘आवडते असे नाही’ हे मी मुद्दाम घातले आहे. विजेला आवडनिवड असते असे लहान मुले सहज धरून चालतात.

शॉकच्या प्रश्नाचे उत्तर मात्र फार जपून द्यावे. टॅबलेटच्या जाळीतील वीज अत्यंत कमी असते, मध्ये काच असते आणि बोटाकडे वळणारा वाटा इतका सूक्ष्म असतो की शरीराला त्याची जाणीवसुद्धा होत नाही. परंतु एवढ्यावर थांबलात, तर एखादे मूल ‘वीज काही करत नाही’ असा अर्थ घेऊन घरी जाईल. भिंतीवरच्या बोर्डात 230 व्होल्टची वीज असते आणि ती जीव घेऊ शकते. तेथे बोट, तार, चमचा यांपैकी काहीही घालायचे नाही, हे त्याच तासाला आणि त्याच दमात सांगावे. चमच्याचा प्रयोग आपणच दाखवतो आहोत, म्हणून ही जबाबदारीही आपलीच आहे.

अंगणशाळा यांचे उत्तर

तारयंत्र यांनी फार छान उलगडून सांगितले आहे. मी प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करते, म्हणून वर्गाच्या बाजूने थोडी भर घालते. ‘चिप मोजत असते’ हे वाक्य या सगळ्याचे मर्म आहे, आणि नेमके तेच लहान मुलांना पटत नाही. टॅबलेटला काचेतून बोट दिसते, अशी त्यांची पक्की समजूत असते. ती सांगून जात नाही. मोजणी स्वतः करून पाहिली की जाते. त्यासाठी पटांगणात हा खेळ घ्यावा.

वीस मुलांना जमिनीवर बसवा: चार आडव्या रांगा, प्रत्येक रांगेत पाच जण, अशा रीतीने की एकामागे एक बसलेल्यांच्या पाच उभ्या ओळीही नीट दिसतील. प्रत्येकाजवळ चिंचोक्यांचा लहानसा ढीग द्या. प्रत्येक उभ्या ओळीच्या पुढे एक मोजणारा बसवा, म्हणजे पाच मोजणारे झाले. आणखी एक मूल सर्वांकडे पाठ करून उभे राहील. ते मूल म्हणजे टॅबलेटमधील चिप. पहिल्या फेरीत काहीही लपवायचे नाही. तुम्ही ‘पहिली रांग’ असे पुकारले की त्या रांगेतील पाचही मुले आपापल्या ओळीच्या मोजणाऱ्याकडे दहा-दहा चिंचोके देतील. मोजणारे मोजून ‘पूर्ण’ असे म्हणतील. मग दुसरी, तिसरी, चौथी रांग. ही बोट नसतानाची फेरी झाली, आणि ती वगळू नये. एरवी किती भरते हे ठाऊक असल्याशिवाय कमी भरले हे कळणार कसे?

दुसऱ्या फेरीआधी कोणत्याही एका मुलाच्या खांद्याला हळूच हात लावा. त्याच्यावर बोट टेकले आहे, असे समजायचे. आपली रांग आली की ते मूल दहाऐवजी सहाच चिंचोके देईल. तिसरी रांग पुकारल्यावर चौथ्या ओळीचा मोजणारा ‘कमी’ असे म्हणाला, की पाठमोरे उभे असलेले मूल काहीही न पाहता सांगू शकते: तिसरी रांग, चौथी ओळ. तेथे कोण बसले आहे ते वळून पाहिले की वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्यावा. न पाहता जागा कशी कळली, हे आता मुलेच एकमेकांना सांगत असतात.

यानंतर दोन पावले पुढे जाता येते. पहिले म्हणजे, वेगवेगळ्या ठिकाणच्या दोन मुलांच्या खांद्याला हात लावा. रांगा एकेक करून पुकारल्या जात असल्यामुळे दोन्ही जागा अचूक सापडतात. फोटो दोन बोटांनी मोठा करता येतो तो याच कारणाने. दुसरे पाऊल थोडे अवघड आहे, पण गणितात रमणाऱ्या मुलांना ते फार भावते. एकाच रांगेतील शेजारच्या दोघांनी सात-सात चिंचोके दिले आणि बाकीच्यांनी दहा-दहा, तर बोट कोठे असेल? विचारून थांबावे, घाई करू नये. ‘दोघांच्या मधे’ हे उत्तर कोणीतरी देतेच. मग एकाने सहा आणि शेजारच्याने आठ दिले तर? बोट सहा देणाऱ्याच्या जास्त जवळ.

पट्टी असलेल्या मुलालाही या खेळात घ्यावे. त्याच्या खांद्याला हात लावायचा आणि त्याने मात्र दहापैकी साडेनऊ द्यायचे असते, असे वर्गाला सांगावे. म्हणजे त्याच्या बोटाची दखल का घेतली गेली नाही, हे सर्वांना कळते. अर्धा चिंचोका आणायचा कोठून, हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यावर दुसरीच्या मुलांशी होणारी चर्चा ऐकण्यासारखी असते.

तारयंत्र यांचे उत्तर

अंगणशाळा ताई, हा खेळ प्रत्यक्ष यंत्राच्या फार जवळ जाणारा आहे. शेवटच्या भागाबद्दल एक पुस्ती जोडतो. जाळीतील दोन तारांमधील अंतर साधारण चार-पाच मिलिमीटर असते, तरीही बोटाने काढलेली रेघ पायऱ्या-पायऱ्यांची न दिसता सलग दिसते. बोटाचे टोक एकाच वेळी बऱ्याच चौकांवर पसरलेले असते आणि कोठे किती कमी भरले याच्या हिशेबातून चिप बोटाचा मध्य एका मिलिमीटरच्याही आतल्या अचूकतेने काढते. सहा आणि आठचा जो प्रश्न तुम्ही मुलांना घालता, तेच गणित ती करते. बोट नसतानाची मोजणी लक्षात ठेवणे, हेही यंत्रात तसेच्या तसे असते.

आणखी एक प्रयोग सुचवतो. जेवणाचा डबा गुंडाळतात त्या ॲल्युमिनियम फॉइलचा रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत तुकडा चित्र काढण्याच्या ॲपवर नुसता ठेवून द्या. बहुतेक टॅबलेटवर काहीही उमटणार नाही. मग त्या फॉइलवर बोट टेकवा, म्हणजे ठिपका उमटेल. धातू असून भागत नाही, त्या धातूला माणसाच्या शरीराची जोड लागते, हे यातून दिसते. हेच फॉइल पेन्सिलीभोवती वरपासून खालपर्यंत गुंडाळून, टोक वाटाण्याएवढे बोथट ठेवून, हाताचा स्पर्श फॉइलला होईल असे धरले, तर त्या पेन्सिलीने टॅबलेटवर लिहिता येते. टोक अणकुचीदार ठेवले तर चालत नाही, कारण इतक्या लहान जागेमुळे मोजणीत पडणारा फरक चिप दुर्लक्षित करते. काकडी, बटाटा आणि केळेही हातात धरून टेकवले तर चालते. मुलांना ते करून पाहायला फार आवडेल. काच नंतर पुसून घ्यावी.

जुनेपान यांचे उत्तर

या चर्चेत एक धोक्याची सूचना देणे मला आवश्यक वाटते. वर सांगितलेले सारे फोन आणि टॅबलेट यांच्याबद्दल खरे आहे, परंतु ज्याला आपण टचस्क्रीन म्हणतो ते प्रत्येक यंत्र असेच चालत नाही. अनेक शाळांत आता भिंतीवरचे मोठे डिजिटल फलक आले आहेत. तुमच्या केंद्रातील एखाद्या शाळेत तसा फलक असेल आणि मुलांनी त्यावर पेन्सिलीचे मागचे टोक टेकवले, तर बहुधा रेघ उमटेल, आणि तुम्ही शिकवलेले सगळे खोटे ठरले असे त्यांना वाटेल.

अशा मोठ्या फलकांपैकी पुष्कळांच्या चौकटीत, काचेच्या किंचित वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे झोत एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सोडलेले असतात, आडवेही आणि उभेही. बोट, पेन्सिल, शर्टाची बाही, जे काही मध्ये येईल त्याने झोत अडतो आणि कोणते झोत अडले यावरून जागा कळते. त्याला शरीरातील पाण्याशी काही देणेघेणे नाही. फलक कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचे असेल, तर लाकडी पट्टी लावून पाहावी. अशा फलकाच्या चौकटीत खडूची धूळ साचली तरी तो चुकीच्या जागा दाखवू लागतो, म्हणून चौकटीची आतली कड कोरड्या कापडाने नियमित पुसणे गरजेचे असते.

ही पद्धत नवी नाही आणि तिचा शाळेशी असलेला संबंधही जुना आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात शिक्षणासाठी उभारलेल्या प्लेटो या संगणक व्यवस्थेची चौथी आवृत्ती 1972 मध्ये आली आणि तिच्या पडद्याभोवती अवरक्त झोतांची 16 गुणिले 16 अशी जाळी होती. विद्यार्थी पडद्यावरील उत्तराला बोट लावून ते निवडत असत.

तिसरा प्रकार खरोखरच दाबावर चालतो. त्यात एकमेकींवर दोन पातळ थर असतात, मध्ये बारीक ठिपक्यांनी राखलेली फट असते, आणि वरचा थर दाबला की तो खालच्या थराला टेकून वीज वाहू लागते. तो नखाने, पेनाच्या टोकाने, हातमोज्यानेही चालतो. स्पर्शपडद्यांच्या या शाखेचा पाया अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात सॅम्युएल हर्स्ट यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी घातला. म्हणजे ‘जोर लावावा लागतो’ म्हणणारे तुमच्या वर्गातील मूल एका वेगळ्या यंत्राबद्दल बरोबर बोलत होते. हे त्याला आवर्जून सांगावे असे मला वाटते.

बोटाकडे वळणाऱ्या विजेची मोजणी करण्याची कल्पना या सर्वांहून आधीची आहे. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये ती एका छोट्या लेखात मांडली. विमानांच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रकांना झटपट निवड करता यावी, हा त्यांचा हेतू होता. त्यानंतर जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत एका मोठ्या कणत्वरकाची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राची, नियंत्रण खोली उभारायची होती. प्रत्येक कामासाठी वेगळे बटण ठेवले असते, तर भिंतीच्या भिंती बटणांनी भरल्या असत्या. तेथील बेंट स्टुम्प यांनी 1972 मध्ये काचेवरील तारांचा स्पर्शपडदा सुचवला आणि 1976 मध्ये तो कणत्वरक सुरू झाला तेव्हा त्याचे नियंत्रण अशा पडद्यांवरून होत होते. ते पडदे ठरावीक जागांवरचाच स्पर्श ओळखत. संपूर्ण काचेवर कोठेही आणि एकाहून अधिक बोटे ओळखणारा पडदा सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला तो 2007 मध्ये आयफोन आल्यानंतर.

पाटीपेन्सिल यांचे उत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. चमच्याचे प्रयोग आणि चिंचोक्यांचा खेळ, दोन्ही घेतले. खेळात पाठमोरी उभी राहायची पाळी आपल्यावर यावी म्हणून मुलांची भांडणे झाली, आणि अर्ध्या चिंचोक्याचा प्रश्नही अपेक्षेप्रमाणे आला. एका मुलीने ‘‘बाई, फोडून देऊ का?’’ असे विचारले. विजेच्या बोर्डाबद्दलही त्याच तासाला बोलले आणि पालकांच्या गटावर तसा निरोप दिला.

मात्र आता मुलांनी नवे प्रश्न आणले आहेत आणि त्यांची उत्तरे मला पूर्णपणे देता येत नाहीत. पावसात फोन आपोआप काहीही उघडू लागतो, ते का? फोन चार्जिंगला लावल्यावर कधीकधी बोट एकीकडे आणि उमटते दुसरीकडे, ते का? काचेला माझे बोट कळते, तर मग बोट माझेच आहे हेही कळते का? आणि ज्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त विचारात टाकले, तो असा: ‘‘बाई, माझ्या आजीच्या अंगात पण पाणी आहे ना? मग तिचे बोट का चालत नाही?’’ त्या मुलाची आजी आयुष्यभर शेतात राबलेली आहे. फोन उचलताना तिला पाच-पाच वेळा बोट फिरवावे लागते आणि शेवटी ती तो नातवाच्या हातात देते, असे त्याने सांगितले.

तारयंत्र यांचे उत्तर

ताई, आजीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण ही तक्रार खरी आहे आणि आपल्याकडे ती फार घरांत आहे. खुरपे, विळा, मुसळ, माती यांत वर्षानुवर्षे काम केलेल्या हातांच्या बोटांवर जाड, कोरडी कातडी तयार होते. त्या कातडीत पाणी जवळजवळ नसते. आत आजीच्या बोटात सर्वांइतकेच पाणी आहे, परंतु ते काचेपासून दूर राहते, आणि अंतर वाढले की मोजणीत पडणारा फरक घटतो. वयानुसार त्वचाही कोरडी होत जाते. म्हणजे त्या मुलाच्या बोटावरील पट्टी आणि आजीच्या बोटावरील घट्टा या दोन्हींचा परिणाम सारखाच आहे. आजीला फोन वापरता येत नाही असे घरात कोणी म्हणत असेल, तर त्या मुलाने हे कारण घरी नक्की सांगावे.

उपाय आहेत. बोटाचे टोक उभे टेकवण्याऐवजी बोट आडवे करून त्याचा मऊ, पसरट भाग टेकवावा, म्हणजे अधिक जागा व्यापली जाते. हात धुऊन पुसल्यावर किंचित ओलावा राहिलेले बोट चांगले चालते; खोबरेल तेलाने मात्र उपयोग होत नाही, कारण तेलातून वीज वाहत नाही, पण रोज लावल्याने कातडी मऊ पडली तर पुढे फायदा होऊ शकतो. अंगठा चालत नसेल, तर करंगळी लावून पाहावी. तिच्यावर घट्टे बहुधा कमी असतात. काचेवर जाड संरक्षक काच लावलेली असेल, तर ती काढून पातळ लावावी. काही फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती सुरू केली की चिप लहानसा फरकही मोजते.

पावसाचे उत्तर खेळातच आहे. पाण्याचा थेंब काचेवर पडला की त्यामुळेही त्या चौकातील मोजणी बदलते, आणि थेंब पसरला तर एकदम अनेक चौकांची. मग चिपला ते बोटासारखे वाटू शकते, किंवा खरे बोट कोठे आहे हे त्या गोंधळात तिला नीट सापडत नाही. नव्या फोनमध्ये थेंब आणि बोट वेगळे ओळखण्याचे प्रयत्न केलेले असतात, तरी आपल्या कोकणातल्या किंवा घाटावरच्या मुसळधार पावसापुढे ते पुरे पडत नाहीत. काच आणि बोट दोन्ही पुसणे हाच उपाय.

चार्जरच्या बाबतीत, हलक्या प्रतीच्या चार्जरमधून फोनकडे जाणाऱ्या विजेत नको असलेले चढउतार मिसळतात. आपण काचेला बोट लावले की ते चढउतार त्या मोजणीतही शिरतात. चिंचोके मोजणाऱ्याला मध्येच कोणी वेगळेच आकडे मोठ्याने ऐकवू लागले, तर त्याची जी गत होईल, ती येथे चिपची होते. चार्जर काढून पाहावा. बोट पुन्हा नीट चालू लागले, तर दोष चार्जरचा आहे आणि तो बदललेला बरा.

बोट कोणाचे आहे, हे या जाळीला कळत नाही. चार-पाच मिलिमीटर अंतरावरील तारांना बोटावरच्या बारीक रेषा दिसणे शक्य नाही, म्हणूनच काकडी आणि बोट यांतही तिला फरक करता येत नाही. ठसा ओळखून फोन उघडतो, ते काम वेगळ्या भागाचे असते. तो कधी कडेच्या बटणात, कधी मागे, तर कधी काचेखाली ठरावीक जागी बसवलेला असतो आणि बोटाच्या रेषा टिपण्याइतका बारीक असतो. मुलांना पाहायचे असेल, तर ज्या फोनचे ठशाचे बटण वेगळे आहे तो घ्यावा, तो उघडून मित्राच्या हातात द्यावा आणि चित्र काढायला सांगावे. चित्र कोणाच्याही बोटाने उमटेल. कुलूप मात्र मालकाच्याच बोटाने उघडेल.